आग कोपरी, बंब मानेवरी

शाळेत म्हणी शिकवताना 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण आली की अर्थ फार फोडून सांगावा लागत नसे. आग एकीकडे आणि पाण्याचा बंब भलतीकडे! मुलांना चित्र डोळ्यांसमोर दिसायचे आणि वर्ग हसायचा. तिची थोरली बहीण म्हणजे 'आजार म्हशीला आणि औषध पखालीला'. दोन्हींचा उपदेश एकच, जिथे दुखते तिथे बघावे.

पण मंडळी, वैद्यकाच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे की तिथे ही म्हण जरा जपून वापरावी लागते. दुखणे कोपराचे, आणि उपचार मानेच्या मणक्यांवर. बरे, हा कुणा भोंदूचा उपचार नाही. त्यावर विद्यापीठांत प्रयोग झालेले आहेत. पण त्याचे मूळ शोधत गेले तर भोंदूही भेटतात, सरदारही भेटतात, तुरुंगही भेटतो. या विषयाशी माझा संबंध धाकट्या बहिणीमुळे आला. तिची गोष्ट पुढे सांगतेच (तिची परवानगी घेतली आहे). आधी इतिहास. लेख लांबला आहे, तेव्हा चहा घेऊन बसावे.

कोपराच्या बाहेरच्या बाजूला एक हाडाचा उंचवटा हाताला लागतो. मनगट मागे वळवणारे स्नायू तिथून निघतात आणि ज्या चिवट दोरीने ते हाडाला बांधलेले असतात तिला कंडरा म्हणतात. ही दोरी वर्षानुवर्षे ताणली गेली की दुखू लागते. मग कपडा पिळताना, भरलेले पातेले उचलताना, कुलूप उघडताना, अगदी कुणाशी हात मिळवतानासुद्धा कळ येते. याचेच नाव टेनिस एल्बो.

नाव ऐकून वाटेल की हा खेळाडूंचा आजार. पण वैद्यकीय लिखाणात तो पहिल्यांदा दाखल झाला तो लेखणीच्या निमित्ताने. १८७३ साली रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरने लिहिणाऱ्यांच्या हाताला येणाऱ्या पेटक्यांवर लेख लिहिला आणि त्यात कोपराच्या या दुखऱ्या जागेचे वर्णन केले. म्हणजे मूळचे हे दुखणे कारकुनांचे आणि (माझ्यासारख्या वह्या तपासणाऱ्या) मास्तरांचे. पण पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, इंग्लंडात मेजर विंगफिल्डने हिरवळीवरच्या टेनिसचे पेटंट घेतले. १८७७ मध्ये विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली. सगळी उच्चभ्रू मंडळी रॅकेट घेऊन हिरवळीवर उतरली आणि डॉक्टरांकडे कोपरे घेऊन येऊ लागली. १८८२ मध्ये मॉरिस यांनी 'लॅन्सेट'मध्ये 'लॉन टेनिस आर्म' असा उल्लेख केला आणि १८८३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 'लॉन टेनिस एल्बो' हे नाव छापून आले. ते आजतागायत चिकटले आहे.

मला यात गंमतही वाटते आणि थोडे वाईटही. ज्यांना हे दुखणे होते त्यांच्यापैकी बहुतेकांनी टेनिसची रॅकेट कधी हातात धरलेली नसते. सुतार, गवंडी, शिंपी, धुणे धुणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या बायका, हेच त्याचे खरे मानकरी. आमच्या आईच्या पिढीत जाते होते, पाटा-वरवंटा होता, विहिरीचा रहाट होता. कोपरे तेव्हाही दुखत असणारच. पण त्याला 'हात भरून आलाय' यापलीकडे नाव नव्हते. दुखण्याला नाव मिळायलासुद्धा माणूस हिरवळीवरचा असावा लागतो!

आपल्याकडे हे नाव घरोघर पोचवले ते सचिन तेंडुलकरने. २००४ साली त्याचे डावे कोपर बिघडले आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धचे पहिले दोन कसोटी सामने त्याला खेळता आले नाहीत. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. त्या दिवसांत भाजीवालासुद्धा टेनिस एल्बोवर अधिकारवाणीने बोलत असे. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीला त्याने पस्तिसावे कसोटी शतक करून गावसकरांचा विक्रम मोडला तेव्हा आमच्या चाळीत पेढे वाटले गेले होते. असो, विषयांतर झाले.

तर नाव मिळाले, पण कारण काही मिळेना. कुणी म्हणे सांध्याला सूज, कुणी म्हणे सांध्याजवळची पिशवी सुजली, कुणी म्हणे नस चिमटली. १९२८ साली मिल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टरने कोपर झटक्यात सरळ करण्याची एक युक्ती प्रसिद्ध केली. ती आजही मिल्सच्या नावाने ओळखली जाते. १९३६ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातल्या जेम्स सिरिॲक्स यांनी तोपर्यंत सुचवलेल्या कारणांची जंत्री केली, तर ती विसाच्या वर गेली. परीक्षेत एका प्रश्नाला वर्गातून वीस निरनिराळी उत्तरे आली की आम्ही शिक्षक काय समजतो ते सांगायला नकोच. याच सिरिॲक्स यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली होती. काही केले नाही तरी हे दुखणे बहुधा वर्षभरात आपोआप बरे होते. वाचकहो, हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते फार कामाला येणार आहे.

आता दुसरा प्रवाह बघू. डॉक्टर कोपर तपासत होते त्या काळात, आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून, दुसरी काही माणसे हाडे आणि मणके हाताने बसवत होती. आपल्याकडे हाडवैद्य आणि तालमीतले वस्ताद. सुश्रुतसंहितेत सांधे निखळण्याचे सहा आणि हाडे मोडण्याचे बारा प्रकार मोजून सांगितले आहेत, म्हणजे ही विद्या किती जुनी ते कळेल. इंग्लंडातही असे हाडवैद्य होते. १७३६ च्या सुमारास एप्सम गावात सारा मॅप नावाची एक हाडवैद्यीण इतकी गाजत होती की तिने दुसरीकडे जाऊ नये म्हणून गावाने तिला पैसे देऊ केले. डॉक्टर तिच्या नावाने बोटे मोडत. चित्रकार होगार्थने भोंदू वैद्य आणि डॉक्टर यांची एकत्र टर उडवणारे चित्र काढले, त्यात वरच्या बाजूला या बाईलाही बसवले.

डॉक्टर मंडळींचा तिरस्कार होता, पण त्यातही काही शहाणे होते. १८६७ मध्ये सर जेम्स पॅजेट या नामवंत शल्यविशारदांनी 'हाडवैद्य बरे करतात असे रुग्ण' या विषयावर व्याख्यान दिले. त्यांचा सूर असा की हे लोक पुष्कळ नुकसान करतात, पण काही वेळा आपल्याला जमत नाही ते त्यांना जमते, तेव्हा त्यांच्याकडून चांगले ते घ्या आणि वाईट ते टाका. १८७१ मध्ये व्हार्टन हूड या डॉक्टरने हाडवैद्यांची पद्धत प्रथमच सविस्तर लिहून काढली. त्यामागची हकिगत मोठी हृद्य आहे. हटन नावाचा एक हाडवैद्य आजारी पडला तेव्हा हूड यांच्या वडिलांनी त्याच्यावर पैसे न घेता उपचार केले. त्या उपकाराची फेड म्हणून हटनने आपली विद्या मुलाला शिकवली.

पण सगळ्यांचा शेवट असा गोड झाला नाही. हर्बर्ट बार्कर नावाच्या हाडवैद्याच्या रुग्णांना भूल द्यायला डॉ. अ‍ॅक्सहॅम जात असत. रुग्णाला वेदना होऊ नयेत एवढाच हेतू. या 'गुन्ह्या'साठी १९११ साली त्यांचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकले गेले. आणि १९२२ मध्ये? बार्करला इंग्लंडच्या राजाने 'सर' केले! ज्याने हाडे बसवली तो सर, आणि ज्याने रुग्णाच्या वेदना थांबवल्या तो नोंदवहीबाहेर. इतिहास शिकवताना अशी उदाहरणे आली की वर्गात थोडा वेळ शांतता पसरायची.

अमेरिकेत तर यातून पंथच निघाले. अँड्र्यू टेलर स्टिल हे मिसूरी राज्यातले डॉक्टर. १८६४ मध्ये मेंदूज्वरासारख्या साथीत त्यांची तीन मुले गेली. त्या काळची औषधे काहीच करू शकली नाहीत. ज्या माणसाने आपली तीन लेकरे अशी जाताना पाहिली त्याचा औषधांवरचा विश्वास उडाला तर नवल काय? १८७४ मध्ये त्यांनी ऑस्टिओपॅथीचा झेंडा उभारला. हाडे, विशेषतः पाठीचा कणा, जागेवर असला तर शरीर स्वतःला बरे करते, हे त्यांचे सूत्र. १८९२ मध्ये कर्क्सव्हिलला त्यांनी शाळा काढली. पाठोपाठ १८९५ मध्ये आयोवा राज्यात डॅव्हनपोर्टला डॅनियल पामर यांनी इमारतीतल्या एका झाडलोट करणाऱ्या माणसाच्या पाठीचा मणका दाबला. तो माणूस सतरा वर्षे जवळजवळ बहिरा होता, आणि पामर यांच्या सांगण्याप्रमाणे त्याला ऐकू येऊ लागले. कायरोप्रॅक्टिकचा जन्म हा असा.

इथे मात्र गाडी घसरली. एका माणसाच्या कानावरून पामर शेकड्याला पंच्याण्णव रोगांचे मूळ सरकलेल्या मणक्यात आहे असे सांगू लागले. परवाना नसताना वैद्यकी केली म्हणून १९०६ मध्ये त्यांना तुरुंगवासही झाला. मग दोन्ही बाजूंनी हट्ट. हे म्हणणार सगळे रोग कण्यात, ते म्हणणार कण्याला हात लावणारा प्रत्येक जण ठग. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने कायरोप्रॅक्टर मंडळींवर बहिष्कारच टाकला होता. त्याविरुद्ध १९७६ मध्ये खटला भरला गेला आणि १९८७ मध्ये न्यायालयाने तो बहिष्कार बेकायदा ठरवला. पण खटला जिंकला म्हणजे उपचार खरा ठरला असे नव्हे. न्यायालय फार तर भांडण मिटवते. दुखणे मिटते की नाही ते न्यायाधीश सांगू शकत नाही.

खरे काम झाले ते या दोन हट्टांच्या मधल्या जागेत, आणि ते केले प्रामुख्याने फिजिओथेरपिस्ट लोकांनी. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात आधी जेम्स मेनेल आणि मग वर सांगितलेले सिरिॲक्स यांनी त्यांना हाताने सांधे हलवण्याची विद्या शिकवली. नॉर्वेत काल्टेनबोर्न, न्यूझीलंडमध्ये मॅकेन्झी, ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडचे जेफ्री मेटलंड असे एकेक जण पुढे आले. मेटलंड यांचे मणक्यांवरच्या उपचाराचे पुस्तक १९६४ मध्ये आले. त्यांनी दोन गोष्टी रुजवल्या. एक म्हणजे कडकन मान मोडण्याऐवजी हलका, झुलता दाब, आणि त्या दाबाच्याही ठरलेल्या पायऱ्या. दुसरी म्हणजे आधी तपासा, मग उपचार करा, आणि लगेच पुन्हा तपासा. आम्ही बी.एड.ला पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी शिकलो, तेच हे! आपल्याकडे फिजिओथेरपीचे रीतसर शिक्षण १९५० च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले आणि पुढे हीच विद्या आपल्या मुलामुलींनीही घेतली.

पण मानेचा आणि कोपराचा संबंध काय? तोही गूढ नाही. मानेत सात मणके आणि नसांच्या आठ जोड्या. त्यातल्या पाचव्या, सहाव्या, सातव्या नसांचे धागे खांद्यातून हातात उतरतात आणि कोपराच्या बाहेरची बाजू त्यांच्याच राज्यात येते. एका ठिकाणचे दुखणे दुसरीकडे जाणवते हे १९३० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये केलग्रेन या तरुण डॉक्टरने दाखवून दिले. त्यांनी स्वतःच्या आणि स्वयंसेवकांच्या स्नायूंत आणि मणक्यांमधल्या बंधांत तीव्र मिठाचे पाणी टोचले आणि कळ कुठे कुठे पोचते त्याचे नकाशे काढले. (स्वतःला टोचून घेणारा संशोधक मला नेहमीच जास्त विश्वासू वाटतो.) मग १९७६ मध्ये कॅनडातल्या गन आणि मिलब्रांट या डॉक्टरांनी असे ५० रुग्ण निवडले ज्यांच्या कोपरावर चार आठवडे उपचार करूनही गुण नव्हता. त्यांनी कोपर सोडून मानेवर उपचार केले आणि बहुतेकांना आराम पडला.

झाले! सोमेश्वराला बंब नेला आणि रामेश्वराची आग विझली!

थांबा. आठवते ना ते सिरिॲक्स यांचे वाक्य? हे दुखणे काही न करताही बरे होते. मग त्या पन्नास जणांना आराम पडला तो मानेमुळे की नुसते दिवस गेले म्हणून? शेजारी तसेच पन्नास रुग्ण काही न करता बसवून ठेवलेले नव्हते. तुलनाच नसेल तर उत्तर कसे मिळणार?

ही तुलना झाली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलंड विद्यापीठात. व्हिसेंझिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा प्रयोग १९९६ साली प्रसिद्ध झाला. रुग्ण फक्त १५, पण प्रयोगाची मांडणी अशी की मला ती शाळेतल्या मुलांना शिकवावीशी वाटते. प्रत्येक रुग्णाला तीन वेगवेगळ्या दिवशी तीन प्रकार मिळाले. एका दिवशी मानेचा पाचवा-सहावा मणका हलकेच बाजूला सरकवण्याचा खरा उपचार (ही पद्धत पर्थच्या एल्वी यांची). एका दिवशी हात तसाच मानेवर ठेवायचा, पण हलवायचे काही नाही. आणि एका दिवशी हातही लावायचा नाही. मोजणाऱ्याला यातले आज काय झाले ते ठाऊक नाही. मोजायचे काय, तर कोपरावर किती दाब दिल्यावर दुखते आणि न दुखता मूठ किती जोराने आवळता येते. मान खरोखर हलवली त्याच दिवशी दोन्ही आकडे स्पष्ट वाढले. नुसत्या ठेवलेल्या हाताने ते झाले नाही.

म्हणजे कोपराला कुणी शिवलेही नव्हते आणि मूठ घट्ट झाली. का? मणका 'जागेवर बसला' म्हणून नव्हे. मेंदूच्या बुंध्याशी एक भाग असतो, तिथून वेदना दाबण्याचे हुकूम खाली सुटतात. १९६९ मध्ये रेनॉल्ड्स या संशोधकाने उंदरांच्या त्या भागाला विजेचा हलका झटका देऊन, भूल न देता त्यांच्यावर शस्त्रक्रिया करून दाखवली होती. मान हलवल्याने हीच यंत्रणा जागी होत असावी, असा ब्रिस्बेनच्या मंडळींचा तर्क. त्यांनी पुढच्या प्रयोगात त्वचेचे तापमान, नाडी, रक्तदाब मोजले तेव्हा तेही वेदनेबरोबर बदलताना दिसले. पामर यांचा सरकलेला मणका पार मागे पडला. उरली ती एक साधी, मोजता येणारी गोष्ट की मानेला योग्य हात लागला तर कोपराची वेदना काही काळ कमी होते.

'काही काळ' हे शब्द महत्त्वाचे. आणि इथे आमच्या धाकटीची गोष्ट येते.

धाकटी सांगलीला पोळ्या करून द्यायची. मेहुण्यांची नोकरी सुटलेली, भाची शिकत होती, आणि घर चालत होते ते धाकटीच्या उजव्या हातावर. दिवसाला दीडशे-दोनशे पोळ्या. २००९ च्या दिवाळीनंतर कोपर धरले. एका डॉक्टरांनी कोपरात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले. पंधरा दिवसांत बाई ठणठणीत! मला फोन करून म्हणाली, "ताई, जादू आहे गं." चार महिन्यांनी जादू उतरली आणि दुखणे पहिल्यापेक्षा जोरात आले. दुसरे इंजेक्शन झाले. तेही उतरले. लाटणे हातात धरवेना. दोन गिऱ्हाइके तुटली. तिसऱ्या इंजेक्शनला ती निघाली तेव्हा भाचीने, जी तेव्हा फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती, तिला अडवले आणि पुण्याला आपल्या मॅडमकडे नेले. मी सोबत होते.

मॅडमनी रक्तदाब मोजायचा पट्टा गुंडाळून थोडी हवा भरली आणि दुखेपर्यंत आवळायला सांगितले. आकडा लिहून घेतला. मग धाकटीला उताणे झोपवून तिची मान दोन्ही हातांत धरली.

"अहो, दुखतंय कोपर. मानेला काय झालंय माझ्या?" धाकटी म्हणाली.

"आई, पाच मिनिटं गप्प राहशील का?" भाची.

पाचएक मिनिटांनी पुन्हा तोच पट्टा. आकडा वाढला होता. फार नाही, पण वाढला होता. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आले. मॅडम मात्र शांतपणे म्हणाल्या, "हे उद्यापर्यंत उतरेल. पण आता हात थोडा कमी दुखतोय ना? मग याच वेळात व्यायाम करून घ्यायचा." अर्धा लिटर पाण्याची बाटली हातात धरून मनगट अगदी सावकाश खाली सोडायचे, दिवसातून ठरल्याइतक्या वेळा, रोज. लाटण्याला कापड गुंडाळून मूठ जाड केली. लाटायला एक मुलगी ठेवली, भाजणे धाकटीकडे. आठ महिने लागले. मग हात सुटला, आणि पुढे कितीतरी वर्षे तिने पोळ्या केल्या.

आता ती बरी कशाने झाली? धाकटी म्हणते, मॅडमच्या हाताने. भाची म्हणते, व्यायामाने. मी म्हणते, भिंतीवरच्या कॅलेंडरने. आम्हा तिघींत हा वाद अजून मिटलेला नाही, आणि एका माणसाच्या अनुभवावरून तो मिटणारही नाही. म्हणून तर मोठे प्रयोग करावे लागतात. भाचीने समोर बसून त्यांतले काही मला मराठीत समजावून दिले, ते सांगते.

२००२ मध्ये हॉलंडमध्ये १८५ रुग्णांचे तीन गट केले. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाल्यांपैकी ९२ टक्के बरे, फिजिओथेरपीवाले ४७ टक्के आणि 'नुसते थांबा' म्हटलेले ३२ टक्के. कोण जिंकले ते उघडच आहे. पण वर्ष संपताना पाहिले तर इंजेक्शनवाले ६९ टक्के, फिजिओथेरपीवाले ९१ आणि नुसते थांबलेले ८३! २००६ मध्ये ब्रिस्बेनला १९८ रुग्णांवर, यात कोपराला हाताने उपचार आणि व्यायाम होते, पुन्हा तेच दिसले. सुरुवातीला इंजेक्शन पुढे, वर्षअखेर मागे, आणि तेव्हा फिजिओथेरपी व नुसते थांबणे जवळजवळ बरोबरीत. २०१३ मध्ये तिथेच १६५ जणांवर झालेल्या प्रयोगात स्टेरॉइडची तुलना खोट्या इंजेक्शनशी केली. स्टेरॉइडवाल्यांपैकी ५४ टक्क्यांचे दुखणे वर्षभरात उलटले, तर खोटे इंजेक्शन घेतलेल्यांपैकी फक्त १२ टक्क्यांचे. कारणही पटण्यासारखे आहे. १९७९ मध्येच निर्श्ल आणि पेट्रोन या शल्यविशारदांनी दाखवले होते की या कंडरेत नेहमीसारखी सूज नसतेच, तिचे धागे झिजून विस्कटलेले असतात. सूज उतरवणारे औषध विस्कटलेला दोर कसा वळणार?

हे आकडे पाहिले आणि मला धाकटीचा तो 'जादू आहे गं' म्हणणारा फोन आठवला. तिच्या अंगात दोष नव्हता. जे आकड्यांत दिसते तेच तिच्या घरात घडले होते.

आणि मानेचे काय? २००४ मध्ये अमेरिकेत क्लेलंड आणि सहकाऱ्यांनी ११२ रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या. फक्त कोपरावर उपचार झालेले आणि कोपराबरोबर मानेवरही झालेले, दोन्ही गटांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण सारखेच होते. पण मानेवरही उपचार झालेल्यांना दवाखान्याच्या खेपा कमी पडल्या. या नुसत्या नोंदी आहेत, चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नव्हे, तेव्हा मोठा निष्कर्ष काढू नये. त्यानंतरच्या लहान लहान प्रयोगांतही तात्पुरता फायदा दिसतो. एकूण हिशेब असा की मानेवरचा हात दुखणे मुळापासून काढत नाही. तो वेदनेचा दरवाजा थोडा वेळ लोटून धरतो, आणि तेवढ्यात माणसाने आपले काम, म्हणजे व्यायाम, करून घ्यायचे असते.

मला या इतिहासाचे मोल वाटते ते इथे. 'सर्व रोग कण्यात' हा दावा शंभर-सव्वाशे वर्षांत घासत घासत 'पंधरा मिनिटे मूठ जरा घट्ट होते' इथपर्यंत लहान झाला. कुणाला हा पराभव वाटेल. मला वाटत नाही. मोठा होता तेव्हा त्या दाव्याने भांडणे लावली, एकाला तुरुंगात आणि एकाला नोंदवहीबाहेर घातले. लहान झाला तेव्हा सांगलीतल्या एका पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या उपयोगी पडला.

जाता जाता नात्यातल्या मंडळींसाठी दोन शब्द, कारण कोपरे दुखणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि हल्ली मोबाइलवर मान कडाकड मोडून दाखवणाऱ्यांचे पेवच फुटले आहे. केस कापून झाल्यावर न्हाव्याकडे मान मोडून घेण्याची हौस तर जुनीच. मानेच्या मणक्यांतून मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन वाहिन्या जातात. जोराच्या झटक्याने त्या फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. हे क्वचितच घडते, पण घडते तेव्हा कोपराचे दुखणे परवडले म्हणायची पाळी येते. वर ज्या उपचाराबद्दल लिहिले तो हलका, सावकाश आणि शिकलेल्या हाताचा आहे. कडकन आवाज येणे हा त्याचा हेतूच नाही. तेव्हा मान द्यायची तर शिकलेल्या फिजिओथेरपिस्टच्याच हाती द्या, आणि बाकीच्यांना कोपरापासून नमस्कार करा. तोही कोपर न दुखवता!